कोरड्या विहिरीतली आतेबहीण

जमिनीवर पाय ठेवून जगणाऱ्या माणसांत जमिनीवर सगळ्यात कमी भरवसा असलेली बाई म्हणजे माझी आतेबहीण. मूळची नायगावची. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं आणि मग पदार्थविज्ञानाच्या नादाने दूरच्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसली. लातूरला माझ्याकडे आली की आधी चहा नाही, ख्यालीखुशाली नाही; पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहायचं. "दादा, तुझं घर हालून राहिलंय," असं ती इतक्यांदा म्हणाली, की माझ्या बायकोने शेवटी गवंडी बोलावला. हालत होतं ते शेजारच्या डाळमिलमुळे, आणि तेही पेल्यालाच कळेल एवढं.

दुसरी खोड विहिरींची. लग्नाला गेली तरी नवरी बघायच्या आधी मांडवामागची विहीर बघायची, खडा टाकायची, किती खोल म्हणून विचारायची. आमच्याकडे असं वाकून बघणारा माणूस म्हणजे हातावरच्या नारळावरून पाणी दाखवणारा पाणाडी. उदगीरच्या एका लग्नात तर व्याह्यांनी तिला मोठ्या मानाने शेतावर नेलं आणि तिच्या तळहातावर नारळ ठेवून विचारलं, "ताई, बोअर कुठं मारू?"

नारळ तसाच हातात धरून ती समजावू लागली, "काका, मी पाणी न्हाई हुडकत. मी अणू गारठवते, म्हंजे त्यांचं हुंदडणं थांबतं. मग उभ्या, खोल भुयारात त्यांना पडू द्यायचं. लेझरची टिचकी मारली की एकच अणू एकदम दोन वाटांनी जातो. पुढं त्या वाटा जुळवल्या की कळतं, मधे कशाचा धक्का लागला का. दूर कुठं तारे आदळून उठलेली गुरुत्वाची लाट असंल, न्हाईतर कुणालाच न दिसणारं कृष्णद्रव्य."

"मग घावलं का?"

"अजून न्हाई!" ती म्हणाली, पोरगा बोर्डात पहिला आल्यासारख्या आनंदात.

"म्हंजे आमच्या बोअरसारखंच की," व्याही म्हणाले आणि त्यांनी नारळ परत घेतला.

तसल्या भुयारासाठी जागा शोधायचा तिला ध्यास होता. निलंग्याच्या वाटेवरच्या एका गावात माझी एक कोरडी विहीर आहे. तिथली जमीन किती थरथरते ते बघायला तिने कंपनं टिपणारं यंत्र दोराने तळाशी सोडलं आणि लॅपटॉप घेऊन काठावर बसली. पण ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात निम्मं कोसळलेलं. दुपारपर्यंत बातमी झाली की सरकारने बाई पाठवलीय, धरणी पुन्हा हालणार. बायकांनी भांडीकुंडी अंगणात काढली. सरपंच धापा टाकत आले. "बाई, खरं सांगा, कधी हाय?"

ती हबकली. आपण भूकंप सांगायला आलेलो नाही, हे घरोघर जाऊन सांगत सुटली, कुणाला पटेना. शेवटी यंत्र काढायला तिने दोराला हात घातला, तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. भूकंपात तिची दोन लेकरं गेली होती. तेव्हापासून ती छताखाली झोपलेली नव्हती.

"काय म्हणती गं जमीन?"

दुसरं कुणी असतं तर 'काही होत नाही' म्हणून मोकळं झालं असतं. आतेबहीण म्हणाली, "उद्याचं मला सांगता येत न्हाई, आजी. कुणालाच येत न्हाई. पण आत्ता शांत हाय. ही रेघ बघा."

म्हातारीने काठी आपटली. पडद्यावरची रेघ उसळली आणि निवली.

"आन् ही बारीक थरथर?"

"मोटारी, ट्रक, आपलं चालणं. माझ्या अणूंना ती लई झाली. माणसाला काई न्हाई."

विहीर तिच्या कामाची नाही, हे मला तेव्हा कळलं. तरी यंत्र न काढता तिने दोरावरचा हात काढला. म्हातारी ऊन उतरेपर्यंत रेघ बघत बसली. मग एकेक बाई येऊन बघून गेली, सरपंचही वाकले, आणि भांडी घरात परतली. आतेबहिणीने रजा वाढवली. आता त्या नोंदींचा तिला काडीचा उपयोग नव्हता, तरी रोज सकाळी ती म्हातारीशेजारी लॅपटॉप उघडून बसायची.

सध्या ती परदेशातल्या एका जुन्या खाणीत तोच शोध घेते आहे. परवा फोनवर मी तिला सांगितलं, म्हातारीनं बाज अंगणातून हलवली.

"घरात घेतली?"

"घरात न्हाई. ओसरीपर्यंत."

ती हळूच म्हणाली, "तेवढं लई झालं, दादा."