काड्यापेटीतला पोलादाचा तुकडा

सकाळी स्टीलचं ताट घासताना त्यावर एक तिरका ओरखडा दिसला आणि कॉलेजातली आमची धातूंची प्रयोगशाळा आठवली. तिथे प्रत्येकाने पोलादाचा तुकडा पॉलिश पेपरवर आरशासारखा होईपर्यंत घासायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि धातूचे कण, त्यांच्यामधल्या सीमारेषा जर्नलमध्ये काढायच्या, असा नियम. पण इंजिनिअर व्हायला निघालेल्या आम्हा साठ हुशारांना बोटं काळी करायची नव्हती. सीनियर्सनी काड्यापेटीत कापसात गुंडाळून ठेवलेला एकच तयार तुकडा वर्षानुवर्षं सगळ्यांना पुरत होता.

त्या तुकड्यावर घासणाऱ्याच्या हातून एक ओरखडा पडला होता. आम्ही तोही मन लावून काढला, कणांची सीमा समजून. साठ जर्नलं आणि साठांतही तीच तिरकी रेघ! टोकदार पेन्सिलीने, शेडिंग वगैरे करून.

सरांनी माझ्या चित्रावर बोट ठेवलं. "ही रेघ कसली रे?"

"ग्रेन बाउंड्री, सर."

"हो, आमच्याही वेळी होती ती," ते म्हणाले, आणि सही केली.

सरही याच कॉलेजात शिकलेले.

आता मी बॉयलरचं पोलाद तपासून पास करतो. मायक्रोस्कोपखाली तिरकी रेघ दिसली, की तो तडा आहे की नुसता ओरखडा, हे मला अजूनही शेजारच्या टेबलावर विचारावं लागतं.

शेजारचाही आमच्याच बॅचचा आहे.