रोखीच्या यशोदाकाकू

पगाराच्या दिवशी यशोदाकाकू पायात एकच चप्पल घालून घरी यायच्या. दुसरी काकांच्या पाठीवर तुटलेली असायची. तेव्हा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पगार पाकिटातून हातात मिळायचा आणि गेटपासून दारूचं दुकान काही फार लांब नव्हतं. सेक्टर सहामधल्या बऱ्याच बायका त्या दिवशी गेटबाहेर उभ्या राहायच्या. बाकीच्या डोक्यावर पदर घेऊन, नवरा दिसला की हळूच हात पुढे करायच्या. काकू शिफ्ट सुटायच्या आधीच चप्पल हातात घेऊन तयार. काका कोक ओव्हनच्या कोळसाभट्टीतून काळेठिक्कर होऊन बाहेर यायचे, काकूंना पाहून गर्दीत शिरायला बघायचे आणि सगळ्या गेटसमोर मार खायचे. पाकीट काकूंच्या ब्लाउजमध्ये जायचं. मग दोघं एकाच सायकलवरून घरी यायचे. काका चालवायचे आणि काकू मागे बसून त्यांची पाठ चोळायच्या.

आम्ही त्यांच्या बाजूच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्यांची मुलगी संगीता माझ्याच वर्गात होती. काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लहानपणापासून धान कापलेल्या. त्यांचा पंजा रुंद आणि खरखरीत होता. तो पंजा दूधवाल्याच्या गालावर पडला होता, रेशन दुकानदाराच्या पडला होता आणि बाजारात संगीताची ओढणी ओढणाऱ्या एका दांडगटाला तर त्यांनी केस धरून भाजीच्या ढिगावर आपटलं होतं. तो पुढे ठेकेदार झाला, पण काकू दिसल्या की गाडीतून उतरून नमस्कार करायचा. मीसुद्धा त्यांच्या हातची एक खाल्ली आहे. का, ते आठवत नाही, पण काकूंनी मारलं म्हणजे काहीतरी केलंच असणार, असं आमच्या घरातही धरून चालायचे.

‘मारायचं त रोख,’ काकू म्हणायच्या. ‘उधारीचा राग पोटात सडते.’

आता हे सगळं सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते हसण्यासारखं नव्हतं. काकाही मारायचे. काकूंचा एक दात त्यांनी पाडला होता आणि काकूंनी त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. भांडी आपटायला लागली की संगीता आमच्याकडे यायची आणि माझ्या आईच्या शिलाई मशीनखाली बसायची. दुसऱ्या दिवशी काकू नळावर पाणी भरताना ओठाला हळद लावून बायकांना शिकवायच्या, ‘नवऱ्यानं एक देल्ली त आपण दोन द्यायच्या. हात कायले देल्ले देवानं?’ बायका हसायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना काकूंचा हेवा वाटायचा. मलाही वाटायचा. आमच्या घरात आई फक्त ऐकून घ्यायची.

काका रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि त्यांनी जवळच उतई गावात दोन खोल्या बांधल्या. काका गेले तेव्हा काकू इतक्या रडल्या की लोकांना नवल वाटलं. संगीताचं लग्न त्याआधीच दुर्गच्या मोहन नगरमधल्या प्रमोदशी झालं होतं. टाइल्सचं मोठं दुकान, गोड बोलणं, कधी आवाज चढलेला नाही. काकूंना जावई जरा मिळमिळीतच वाटायचा. ‘हा काय मारीन कोणाले,’ त्या म्हणायच्या. ‘माशी बसली त तिले आपच म्हणते.’

लग्नाच्या पंचवीस वर्षांनिमित्त प्रमोदनं मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. काकूंना घेतलं, संगीताची मैत्रीण म्हणून मला आणि माझ्या नवऱ्यालाही घेतलं. जहाजावर चढायच्या आधी प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. तीच खोलीची किल्ली आणि तेच पैसे. आत रोख चालत नाही. जेवण तिकिटात, पण कॉफी, कोल्ड्रिंक, दुकान, डॉक्टर, सगळं त्या कार्डावर चढतं आणि ज्याचं क्रेडिट कार्ड जोडलेलं त्याच्या मोबाइलवर लगेच दिसतं. प्रमोदनं सगळ्यांची कार्डं आपल्या क्रेडिट कार्डाला जोडायला दिली. ‘आई, आप तो बस एन्जॉय करो,’ तो म्हणाला. ‘पाण्याच्या बाटलीपासून सगळं माझ्यावर.’

काकू तिथेच अडल्या. जावयाच्या पैशाचं खायचं नाही हा त्यांचा नेम. मोहन नगरला लेकीकडे गेल्या तरी डब्यात आपली भाकरी घेऊन जायच्या आणि पाणी प्यायल्या तर नातवाच्या हातावर काहीतरी ठेवून यायच्या. आता एवढ्या मोठ्या जहाजावर त्या जावयाच्या नावावर पाणी पिणार होत्या थोड्याच! प्रमोद हसला, मीही समजावलं. काकूंनी कुणाचं ऐकलं नाही. जहाजात शिरल्याबरोबर मला ओढत काउंटरवर घेऊन गेल्या, ब्लाउजमधून बटवा काढला आणि तिथल्या मुलीपुढे नोटा ठेवल्या. रोख भरून आपलं कार्ड वेगळं करून मिळतं, हे तिनं सांगितलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा नियम त्यांनीच काढला होता.

‘बेटा, इस कार्ड में जो पैसा है, वो दामाद को दिखेगा क्या?’

‘नहीं आंटी, ये सिर्फ आपका है.’

‘मंग बरं,’ काकू म्हणाल्या आणि कार्ड बटव्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू, संगीता आणि मी डेकवर बसलो होतो. संगीतानं स्वतःसाठी आणि माझ्यासाठी कोल्ड कॉफी आणली. दोन घोट झाले नसतील, तोच पलीकडून प्रमोद आला. हातात मोबाइल, चेहऱ्यावर तेच हसू. ‘दोन कॉफी?’ तो संगीताला म्हणाला. ‘विचारलं होतं मला?’ आणि त्यानं तिचा दंड धरला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, नवरा प्रेमानं जवळ ओढतो आहे. मी शेजारी होते. त्याची बोटं मांसात रुतली होती आणि संगीता ओठ मिटून कॉफीच्या ग्लासकडे बघत होती.

काकू उठल्या. इतक्या वर्षांत हात जरासुद्धा मऊ झाला नव्हता. प्रमोदचा चष्मा उडून डेकवर घरंगळत गेला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

‘माह्यासमोर लेकीले हात लावते?’ काकू म्हणाल्या. ‘कॉफीचे पैसे पाहिजेत तुले? घे!’ आणि दुसरी दिली.

प्रमोदनं चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर लावला. लोकांकडे बघून हसत म्हणाला, ‘आईंचा हात अजून कडक आहे बघा.’ लोकही हसले. काकू पदर खोचून खाली बसल्या आणि मला तर इतका आनंद झाला की विचारू नका. संगीता एकटीच हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, ‘आई, कायले केलं वं तू हे?’

दुसऱ्या दिवशी ती नाश्त्याला आली नाही. प्रमोद मात्र आला. ताट भरून घेतलं, आम्हाला गुड मॉर्निंग म्हणाला आणि नंतर पोहायला गेला. काकू आणि मी तिच्या खोलीवर गेलो. संगीतानं बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला होता. ‘बाथरूममध्ये पाय घसरला,’ ती म्हणाली. काकूंनी टॉवेल काढला. मनगट सुजून निळं पडलं होतं आणि भलत्याच बाजूला वळलं होतं. मार कशाला म्हणतात हे काकूंना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी तिचा कुर्ता खांद्यावरून सरकवला. पाठीवर नवे वळ होते, त्यांच्याखाली पिवळे पडलेले जुने.

‘डाक्टरकडं चाल.’

‘नको, आई. त्याच्या मोबाइलवर दिसते.’

मग ती एकेक सांगायला लागली. घरीही तसंच. तिच्या हातात नोट म्हणून नाही, फक्त त्याच्या खात्याचं कार्ड. मेडिकलमधून मलम घेतलं तरी मेसेज त्याला जाणार, दवाखान्यात गेली तरी त्याला जाणार आणि तो घरी येऊन विचारणार, काय झालं, कोणाला काय सांगितलं? म्हणून बरगडी मोडली तेव्हा ती मोलकरणीकडून हळदीचा लेप करून घेऊन झोपून राहिली होती.

‘मले कावून नाही सांगितलं?’ काकूंचा आवाज चढला.

‘सांगितलं होतं. उतईले आली होती ना मी, ऑटोनं. तू म्हणाली, हात नाहीत का तुले? आन् त्याच ऑटोत बसवून वापस पाठवलं.’ संगीता रडत नव्हती. ‘काल तू त्याले मारलं. ते सगळं मले भेटलं, आई.’

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. मला त्या प्रमोदला समुद्रात ढकलून द्यावंसं वाटत होतं आणि आदल्या दिवशीच्या माझ्या आनंदाची किळसही येत होती. मग काकू उठल्या, बटव्यातून आपलं कार्ड काढलं आणि लेकीचा डावा हात धरला.

जहाजावरच्या दवाखान्यात त्यांनीच ते कार्ड दिलं. एक्स-रे झाला. हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कैसे हुआ?’ संगीता माझ्याकडे बघायला लागली. काकू म्हणाल्या, ‘दामाद ने तोड़ा. लिखो आप. और लिखो कि मेरे कारण तोड़ा.’ पहिलं वाक्य डॉक्टरांनी लिहून घेतलं.

तिथून आम्ही काउंटरवर गेलो. ‘हिचं नाव त्याच्या कार्डावरून काढा आणि माझ्या पैशावर घ्या,’ एवढंच काकूंना पाहिजे होतं. मी सगळं इंग्रजीत नीट सांगितलं, प्लास्टर दाखवलं. आतून एक मोठे अधिकारी आले आणि त्यांनी संगीतालाच विचारलं, ‘आप क्या चाहती हैं?’ मग तिनं गळ्यातलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ‘मम्मी के रूम में,’ ती म्हणाली. त्यांनी ते बंद केलं आणि नवीन दिलं. त्यावर पैसे काकूंचे होते आणि त्यानं दार काकूंच्या खोलीचं उघडत होतं.

यादीतून तिचं नाव गेलेलं प्रमोदला मोबाइलवर दिसलंच. थोड्याच वेळात तो दारावर आला. आधी गोड हाका. मग मुठी, मग लाथा. दार हादरत होतं आणि बाहेरून तो असल्या शिव्या देत होता की त्या तोंडातून येतायत यावर विश्वास बसेना. ‘बुढ़िया, बाहर आ! तेरे भी हाथ तोड़ता हूं!’

काकू ताडकन उठल्या. मला वाटलं, आता दार उघडणार आणि दोघांतला एक मरणार. त्या दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला आणि मागे वळून संगीताकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटून, प्लास्टर पोटाशी धरून उभी होती. काकू परत आल्या. पलंगावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाहेर लाथ बसली की त्यांचं सगळं अंग उसळायचं, पण हात त्यांनी सोडले नाहीत. दातांनी खालचा ओठ फुटला आणि हनुवटीवर रक्त आलं.

‘तू सांग,’ त्या संगीताला म्हणाल्या. ‘मी नाही उठत.’

संगीतानं डाव्या हातानं फोन उचलला आणि सिक्युरिटीला बोलावलं. नाव सांगितलं, खोली सांगितली आणि म्हणाली, ‘मेरा हसबंड है. मुझे मारता है.’ एवढं बोलायला तिला किती वर्षं लागली, ते फोनवरच्या माणसाला काय माहीत!

त्यांनी त्याला उचलून नेलं आणि मुंबईला उतरल्यावर पोलिसांकडे दिलं. पुढे केस, वकील, दुर्गच्या कोर्टातल्या तारखा, प्रमोदच्या नातेवाइकांच्या धमक्या, सगळं रीतसर झालं. संगीता उतईला राहायला लागली आणि भिलाई-३ च्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायला जाऊ लागली. मनगट जरा वाकडंच जुळलं. प्रमोदच्या भावानं एकदा बाजारात काकूंना धक्का दिला, तरी काकूंनी हात उचलला नाही. भाजीवाल्या बायकाच त्याच्यावर धावून गेल्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात मी दुपारी चहा घेऊन दवाखान्यात गेले होते. संगीता त्यांच्या उशाशी बसली होती आणि काकूंनी तिचं ते वाकडं मनगट धरून ठेवलं होतं.

‘संगे,’ त्या म्हणाल्या, ‘एक मार वं मले.’

‘काय बोलून राहिली, आई?’

‘उतईहून वापस पाठवलं ना मी तुले. मार. मनातलं काढून टाक.’

संगीतानं त्यांचं तोंड पुसलं. ‘मले मारता येत नाही. मले ते शिकायचंच नव्हतं.’

काकूंनी विचारलं, ‘तू मले भेत होती काय?’

मला वाटलं, ती नाही म्हणेल. मरणाऱ्या माणसाला कोणीही नाहीच म्हणालं असतं.

‘हो,’ संगीता म्हणाली. ‘त्याच्याइतकीच.’

काकूंनी तिचं मनगट सोडलं आणि आपला हात चादरीखाली ओढून घेतला. संगीतानं चादर उचलली, तो हात शोधून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसून राहिली.