खालच्या खणातली टाकी

चौकातल्या घड्याळवाल्याचं तत्त्व होतं की चालत्या घड्याळाला हात लावू नये. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीलाही त्याने तेच लावलं होतं. पण तिच्यातल्या निळ्या माशाला खायला जिवंत बारीक जीवच लागत, आणि ते संपत आल्याने त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. उपाय एकच होता, रेफ्युजियम. म्हणजे नळीने जोडलेली दुसरी टाकी, जिच्यातल्या शेवाळात हे जीव माशाची नजर चुकवून निवांत वाढतात आणि मग पाण्याबरोबर त्याच्याकडे येतात.

"थोडक्यात, त्यांचं माहेर," बायको म्हणाली. "मग घोडं कुठे अडलंय?"

"टाकीखालच्या खणात तुझं शिवणाचं सामान आहे. शिवाय सगळं नीट चाललंय, त्यात नवा भाग घालायचा म्हणजे..."

"नीट? त्या बिचाऱ्याच्या बरगड्या मोजून घ्या. तीन आठवडे नुसता खण मोजताय."

तिने तिथल्या तिथे खण रिकामा केला. घड्याळवाल्याने मिलिमीटरच्या मापाने टाकी बनवून घेतली. ती इतकी चपखल बसली की वर जेमतेम बोटभर फट उरली आणि वाढलेलं शेवाळ काढायला हात काही आत जाईना. जन्मभर चिमट्याने काम केलेल्या माणसाला हाताची आठवणच राहिली नव्हती.

बायकोने त्याचा लांब चिमटा आणून दिला.

आता मासा गुबगुबीत झालाय. घड्याळवाला रोज जमिनीवर बसून, डोळ्याला भिंग लावून शेवाळाची एकेक काडी उपटतो. शिवणाचं सामान त्याच्या खुर्चीवर असतं. त्याची तक्रार नाही. खुर्चीवरून खालचा खण दिसतोच कुठे?