देश पळतो, आम्ही वेळ मोजतो

हसायचे किस्से वेगळे आणि चिडायचे वेगळे, असं मला सिंगापूरला येईपर्यंत वाटायचं. आमच्या ऑफिसात ते जोडीनेच येतात. दर रविवारी इथे कुठे ना कुठे शर्यत असते, आणि दर सोमवारी क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना कोणीतरी चमचा आपटून म्हणतं, "काल काय झालं माहितीये?" अशा सोमवारांचा आता ढीग झालाय.

आमची कंपनी शर्यतींचं टायमिंग करते. धावणाऱ्याच्या छातीवरच्या नंबराच्या मागे चिप असते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून तो गेला की लॅपटॉपवर त्याची वेळ उमटते. मॅट अंथरतात अंकल सेंग. वय सत्तरीच्या आसपास, तरुणपणी देशासाठी धावलेले. सॉफ्टवेअर माझ्याकडे, मी पुण्याची. निकाल संदीपकडे, तो नांदेडचा, मला ताई म्हणतो. आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर बॉस, मिस ओंग.

हा देश आपल्याकडच्या एका तालुक्याएवढा. पण जगातली कुठलीही मोठी स्पर्धा निघाली की "आमच्याकडे घ्या" म्हणून हात वर! त्यावरच माझं घर चालतं, हे आधीच कबूल करते. नंतर कृतघ्न म्हणू नका.

*

एका मोठ्या शर्यतीला प्रमुख पाहुणे भोंगा वाजवणार होते. भोंगा वाजला, लोक सुटले, मी 'स्टार्ट' दाबलं. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "सर, डोळे मिटलेले आलेत!"

पाहुण्यांनी परत भोंगा वाजवला. मागच्या गटाला वाटलं, हा आपला. तेही सुटले! मग व्हिडिओवाले म्हणाले, आम्हाला बाजूने हवंय. तिसरा भोंगा!

मी घामाघूम. वॉकी-टॉकीवर मिस ओंगला विचारलं, "खरी सुरुवात कुठल्या भोंग्यापासून धरू?"

ती शांतपणे म्हणाली, "फोटो कुठला चांगला आलाय?"

*

दुसऱ्या एका शर्यतीत किती देशांचे लोक धावणार, तो आकडा आधीच पेपरात छापून आला होता. आदल्या दिवशी संदीपने यादी मोजली, तर काही देश कमी! माणसं नाही, देश कमी!

मिस ओंग म्हणाली, "फॉर्मवर जन्मस्थळ पण आहे ना? ते बघ."

पुंगोलला आमच्या शेजारी कुलकर्णी काकू मुलाकडे आल्या होत्या. सुनेने आग्रह केला म्हणून त्यांनी पाच किलोमीटर चालायला नाव दिलं होतं. काकूंचे वडील नैरोबीला नोकरीला होते, जन्म तिथला. झालं! यादीत केनिया आला.

दुसऱ्या दिवशी निवेदकाने स्क्रीनवरचं वाचलं आणि त्याचा आवाज चढला, "आणि आता येत आहेत... केनिया!" सगळे कॅमेरे वळले. समोरून पंजाबी ड्रेस, डोक्यावर सुनेची टोपी आणि हातात पाण्याची बाटली घेऊन काकू डुलत डुलत आल्या.

मॅट ओलांडल्यावर मला म्हणाल्या, "अगं, एवढे लोक थांबलेत, कोणी मोठं येतंय का मागून?"

*

एका सोमवारी मी फारच तापले होते. म्हटलं, "अंकल, एवढा दिखावा कशाला लागतो तुमच्या देशाला?"

अंकल सेंगनी नूडल्स बाजूला सारल्या. विशीत असताना ते एका परदेशी स्पर्धेला गेले होते. तिथल्या लोकांनी विचारलं, सिंगापूर हे चीनमध्ये कुठे आलं? संचलनात धरायला यांचा झेंडाच मिळाला नाही, कोणी आणलाच नव्हता. अंकल रिकाम्या हाताने सगळ्यांच्या शेवटी चालले.

"नकाशावर बोट ठेव," ते म्हणाले. "देश दिसतो? नाही. बोटाखाली जातो. म्हणून ओरडून सांगावं लागतं, आम्ही आहोत!"

त्यांचं खरं होतं. पण माझा राग काही गेला नाही, नुसता भात गार झाला.

*

आता संदीपची मुलगी. अन्वी सोळा वर्षांची, चार वर्षांची असताना इथे आली. राहतात यिशुनला. पाच किलोमीटर अशी पळते की अंकल सेंग तिच्याकडे बघताना बोलायचे थांबतात.

एकदा तिच्या बिल्डिंगखाली भलं मोठं बॅनर लागलं: 'बाहेर पडा, खेळा, देश घडवा!' लावणाऱ्याला दोरी बांधायला जागा सापडेना, म्हणून त्याने तिथलीच एक पाटी वापरली. पाटीवर लिहिलेलं, 'इथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.'

मी फोटो काढायला लागले तर अन्वी इथल्या इंग्रजीत म्हणाली, "मावशी, कॅन प्ले लाह. ओन्ली बॉल कॅनॉट."

*

तिला या देशाकडून धावायचंय. बाकी काही नको. पण संघात यायला इथला पासपोर्ट लागतो, पासपोर्टच्या आधी पीआर लागतो, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना. संदीपचा पीआरचा अर्ज दोनदा 'नाही' होऊन परत आला. तो अजून कामाच्या पासवर, नोकरी आहे तोवरच. बाप पासवर, म्हणून पोरगीही पासवर.

तेवढ्यात संघासाठी बाहेरून एक तयार धावपटू आणली गेली. मुलगी गुणी, पदकाची खात्री, पासपोर्ट झटपट! तिच्यावर माझा राग नाही, ती बिचारी खोलीत एकटी बसून घरच्यांना फोन करायची. चिपच्या चाचणीला ती आमच्या ऑफिसात आली, तेव्हा शाळा सुटून अन्वीही आली होती. त्या मुलीने घाबरत विचारलं, "पदक मिळालं तर राष्ट्रगीत म्हणावं लागेल. मला येत नाही. तुम्हाला कोणाला येतं?"

राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. अन्वी बारा वर्षं रोज सकाळी शाळेत ते ऐकत आली आहे, कोणी सांगितलं नसताना म्हणतही आली आहे.

तिने ते शिकवलं. एकेक ओळ, उच्चार सुधारून. आमच्या पॅन्ट्रीत उभं राहून!

संदीप फ्रिज उघडून आत बघत राहिला. आत फक्त सोया मिल्क होतं.

*

मग ते पोस्टर. शाळेच्या शर्यतीत कोणीतरी अन्वीचा फोटो काढला होता. तो खेळाच्या प्रचारमोहिमेवर झळकला. पुंगोलच्या बसस्टॉपवर पाच फुटी अन्वी! खाली ओळ: 'आपल्या देशाचं उद्या.'

संदीपने आयोजकांना फोन लावला. म्हणाला, "हे उद्या माझ्याच घरी राहतं. ते कधी उजाडणार, तेवढं सांगाल का?"

पलीकडून उत्तर आलं, "फोटोच्या परवानगीबद्दल तक्रार असेल तर वेगळा फॉर्म आहे."

सांगा, माणसाने चिडू नये तर काय करावं?

*

तिसरा अर्ज भरायचा होता. संदीपचं म्हणणं, सोबत संघाच्या निवड स्पर्धेतला अन्वीचा पहिला नंबर जोडला तर कोणीतरी नीट वाचेल. अन्वीला धावायची परवानगी मिळाली, पण पाहुणी म्हणून! पाहुण्याची वेळ छापतात, नंबर देत नाहीत. नाव यादीच्या तळाशी, शेजारी G, म्हणजे गेस्ट. आयोजकांचा हा नियम आम्हाला सकाळी मैदानावर पोचल्यावर कळला.

निकाल संदीपचं काम. मी म्हटलं, "तू जा, पोरीला पळताना बघ." तो G मी टाईप केला. बापाच्या हातून नको म्हणून माझ्या हातून.

अन्वी एकटीच वळणावरून आली. मागचा रस्ता रिकामा. ती मॅटवरून गेली, वाकून गुडघ्यांवर हात ठेवले, आणि बऱ्याच वेळाने दुसरी मुलगी आली, शू मिन. इथलीच. दोघींची ओळखही नव्हती.

स्क्रीनवर पहिलं नाव लागलं शू मिनचं. अन्वी सगळ्यात खाली. वॉकी-टॉकीवर मिस ओंग म्हणाली, "तळाची वेळ पहिल्या वेळेपेक्षा कमी दिसतेय. विचित्र वाटतं. लपव."

मी म्हटलं, "सॉफ्टवेअरला लपवता येत नाही." येतं. मला लपवायचं नव्हतं.

संदीप खाली बसून मॅटवरचा चिखल पुसायला लागला. ते अंकलचं काम, पण अंकलनी त्याला अडवलं नाही. अन्वी माझ्याजवळ आली, म्हणाली, "इट्स ओके, मावशी," आणि केळं आणायला गेली. मला रडू आलं, रागाने.

बक्षिसांची वेळ झाली. तिसरीचं नाव पुकारलं, ती तीनच्या पायरीवर चढली. दुसरीचं पुकारलं, ती मुलगी पुढे आली, तर दोनच्या पायरीवर शू मिन आधीच उभी! ती मुलगी गोंधळली, मग तिसरीशेजारी दाटीवाटीने उभी राहिली. निवेदकाने पहिली म्हणून शू मिनचं नाव पुकारलं. ती हलली नाही. त्याने परत पुकारलं. मधली उंच पायरी रिकामी, आणि प्रमुख पाहुणे सुवर्णपदकाची फीत दोन्ही हातांत ताणून उभे.

फोटोग्राफर ओरडला, "गर्ल, वर जा! वर, वर!"

शू मिनने रिकाम्या पायरीकडे बघत नकाराची मान हलवली.

"कॅनॉट लाह, अंकल. गॉट पीपल ऑलरेडी."