मांडुळीची पाचवी

माझ्या मायला सापाचं भारी वावडं. तरी आमच्या घरात चार-पाच वर्षं एक मांडूळ राहिली, आणि तिला ठेवून घेतली ती मायनंच.

बाबा गावतलावात मासे धरायचे. एका उन्हाळ्यात तलावाची पाळ दुरुस्त करताना त्यांच्या फावड्यापुढे हा जाडजूड, बोथट शेपटीचा साप निघाला. बरोबरची माणसं ठेचायला धावली, तर बाबांनी तो दुपट्ट्यात बांधून घरी आणला. मांडूळ चावत नाही, विष तर नाहीच, आणि उंदीर फस्त करते. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. साप पाळणं गुन्हा असतो हे सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

"मासे आणाले गेल्ते का साप?" म्हणून मायनं बाबांना दारातच झाडलं. पण त्या वर्षी धानाच्या कणगीला एकही उंदीर लागला नाही, आणि मायची जीभ हळूहळू मऊ पडली. ती मांडुळीला 'बाई' म्हणू लागली. एकदा मोटरसायकलवर दोघं परगावचे आले. मांडुळीनं गुप्तधन सापडतं म्हणे. वजन किती भरतं, विचारत होते. "भाजी हाय का तोलाले?" असं म्हणून माय झाडू घेऊन दारात उभी राहिली. ते पुन्हा आले नाहीत.

मांडूळ घरभर फिरायची, गोठ्यात जायची, थंडीत कुठंतरी गडप व्हायची. पण तिची खरी जागा रांजणाखाली. रांजण झिरपायचा आणि खालची वाळू बारा महिने ओली असायची. त्या वाळूत अंग पुरून, नाक तेवढं बाहेर ठेवून ती पडलेली असे. आम्हाला वाटायचं, गारवा आवडतो. तिला पाणी पिताना कोणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला पाणी लागत असेल हा विचारही कोणी केला नाही.

माझं लग्न झालं आणि मी बल्लारपूरला गेले. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले ते ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत. पावसानं दडी मारली होती आणि घरात नुसती घालमेल. मी आठवा महिना ओढत होते, आणि मांडूळही माझ्यासारखीच फुगलेली. माय आम्हा दोघींकडे पाहून हसायची. "पाहू, कोणती आधी सुटते तं," म्हणायची. मला राग यायचा. सापाशी बरोबरी कोणाला आवडेल?

गावात कोणी अडली की मायला बोलावणं यायचं. ती आणि शेजारची म्हातारी जोडीनं जायच्या. मायचा हात हलका होता, असं बाया सांगायच्या. तिचा धाक मात्र जड होता. बाळंतिणीनं पाच दिवस उठायचं नाही, वाऱ्याला जायचं नाही, खाटेखाली निखारे ठेवायचे. आणि थंड पाणी तर अजिबात नाही. फारच रडली तर ओव्याचं कोमट पाणी, तेही घोटभर. "अंग कच्चं असते. पाणी पेलं का सुजते," हे मायचं ठरलेलं उत्तर.

एका दुपारी रांजणाखालची वाळू उसळताना दिसली. मांडूळ पीळ घेत होती. एक पिल्लू पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं बाहेर पडलं, पापुद्रा फाडून वळवळू लागलं, आणि मग सगळं थांबलं. शेपटीच्या वर एक गाठ फुगून बसली होती. मांडूळ जोर करायची, दमायची, पुन्हा जोर करायची.

म्हातारी दारातूनच ओरडली, "पोरीले आधी आत ने! दोन जिवाच्या बाईची सावली पडली का साप आंधरा होते."

"मंग मी एकली कशी धरू तिले?" माय म्हणाली. "पोरी, इथी बस. शेपटी धर. दाबू नको."

मी पोट सावरत खाली बसले. बाई अडली की घरातल्या गाठी आणि कड्या मोकळ्या करतात. मायनं सापासाठीही ती रीत सोडली नाही. पेटीचं कुलूप काढलं, दाराची कडी काढली, मला वेणी सोडायला लावली. मग टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल हातावर घेऊन ती मांडुळीच्या पोटावरून शेपटीकडे बोटं फिरवू लागली. बाईच्या पोटावरून फिरवायची, तशीच. "दे जोर, बाई. अजून थोडा दे," असं तिच्याशी बोलत होती. माझ्या हातात ते थंड अंग आवळायचं आणि सुटायचं, आणि माझ्या पोटातलं बाळही तेव्हाच ढुशा मारायचं. मी घाबरले होते. ही गेली तर माझंही काही खरं नाही, असं मनात बसलंच होतं.

शेवटी एक पिवळा, घट्ट गोळा बाहेर आला. खराब झालेला गर्भ होता तो. त्याच्यामागून पिल्लं येत गेली, पेन्सिलीएवढी, नारिंगी अंगावर काळे पट्टे.

"सुटली वं माय, सुटली!" मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडत होते. म्हातारीसुद्धा उंबरा ओलांडून पाहायला आली.

इथवर सगळं नीट झालं. इथंच थांबायला हवं होतं.

पण मायच्या हातून बाळंतीण सुटली होती, आणि बाळंतिणीचं पुढचं सगळं तिला पाठ होतं. तिनं एक जुना मोठा माठ घेतला, त्यात चिंध्या घातल्या, मांडूळ आणि पिल्लं आत ठेवली आणि वर झाकण घातलं. माठ निजायच्या खोलीत नेला आणि शेजारी शेगडीत निखारे ठेवले.

"तिले रांजणाखालीच बरं वाटन," मी म्हटलं.

"ओल्यात? आताच सुटलेली? अंग कच्चं हाये तिचं."

झाकण आतून सरकायचं. फटीतून मांडुळीचं नाक बाहेर यायचं आणि रांजण होता त्या बाजूला वळायचं. माय तिला हळूच आत लोटायची आणि झाकण बसवायची. "उठाचं नाई, बाई. पाचवी होऊ दे." तिनं मेलेला उंदीर आणून आत ठेवला, मांडुळीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. माय दिवसातून कितीदा तरी माठाला हात लावून ऊब बघायची. स्वतःच्या लेकीचं करावं इतक्या जिवानं तिनं ते केलं.

नंतर झाकण सरकायचं थांबलं. "आता निजली शांत," माय म्हणाली.

पाचवीच्या सकाळी मायनं माठाला हळदीकुंकू लावलं. बाबा चेष्टा करत होते, "बारशाले गाव जेवू घालतं का?" पिल्लं तलावाच्या काठी सोडायची ठरली. तिथं चिखलात गुरांच्या खुरांचे ठसे होते आणि त्यांत पाणी साचलेलं. मायनं माठ आडवा केला. दोन पिल्लं हललीच नाहीत. बाकीची सरपटत निघाली आणि सरळ त्या ठशांत तोंड बुडवून बसली. त्यांचे बारीक गळे हलताना दिसत होते.

माय वाकून पाहत राहिली. "हे पाणी पेऊन राह्यले," ती म्हणाली.

मग तिनं झटकन मांडूळ उचलली. तिच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. मायनं तिचं तोंड पाण्यात धरलं, ओंजळीनं अंगावर पाणी घातलं, नाव घेऊन हाका मारल्या. "पे वं, बाई. पे आता." मांडूळ दोरीसारखी लोंबत राहिली.

"तू तं वाचवली होती तिले," बाबा म्हणाले.

"वाचवली, मंग मारली," माय म्हणाली. "ती रांजणाकडं पाहे, अन् मी झाकण लावो."

त्यानंतर माझे दिवस भरेपर्यंत म्हातारी अपशकुनाचं पुटपुटत राहिली. मी मनातून हादरले होते. ओल्या वाळूवर नेऊन ठेवायला किती वेळ लागला असता? मी एकदा म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही, हे अजून सलतं.

माझी मुलगी माठ ठेवला होता त्याच खोलीत झाली. खूप वेळ लागला. ती झाली तोवर घसा असा सुकला होता की जीभ टाळूला चिकटली. खाटेखाली निखारे होते. पाणी मागायचं नसतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून मी मागितलं नाही. नुसती दारातून दिसणाऱ्या रांजणाकडे पाहत पडले.

मायनं ते पाहिलं. ती उठली, शेगडी बाहेर नेऊन ठेवली आणि रांजणातून तांब्या भरून आणला.

"थंडं पाणी?" म्हातारी किंचाळली. "पोरीले मारतं का वं?"

मायनं माझ्या मानेखाली हात घातला आणि तांब्या ओठांना लावला. मी सगळा संपवला. तिनं दुसरा भरून आणला.

माझं पिऊन झाल्यावर ती खाटेच्या कडेला बसली, रिकामा तांब्या मांडीवर घेऊन. म्हातारीकडे न पाहता म्हणाली, "गावात किती बायांले आपण नाई म्हटलं असन वं? त्याईले तं तोंड होतं. त्या तं मांगत होत्या."