दुसऱ्या साक्षीदाराची सही

चष्मेवाल्यांना गल्लीत सगळे ओळखायचे, पण त्यांच्याबद्दल विचाराल तर कुणाला फारसं काही सांगता यायचं नाही. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वेळेवर दुकान उघडणारा. संपलं. तुटलेली काडी बसवायची, ढिला स्क्रू आवळायचा, नाकावर रुतणारं पॅड बदलून द्यायचं, असली कामं. दुकान जिन्याखाली होतं. उभं राहिलं की डोक्याला जिना लागायचा, म्हणून ते आपले दिवसभर बसून. त्याच जिन्यानं वर गेलं की वकीलबाईंचं ऑफिस.

आता वकिलाच्या पायाशी दुकान थाटलं की जे व्हायचं तेच झालं. करार असो, खरेदीखत असो, मृत्युपत्र असो, साक्षीदार दोन लागतात आणि माणसं हटकून एकच घेऊन येतात. मग वकीलबाई कठड्यावरून वाकून हाक मारायच्या, "चष्मेवाले, जरा वर येता का?" की हे हातातलं काम बाजूला ठेवून निघालेच. सोबत एक पत्र्याची डबी, तिच्यात वाचायचे चार-पाच जुने चष्मे. सही करायला येणारी म्हातारी माणसं चष्मा घरी विसरतात, हा त्यांचा अनुभव होता. डबीतला एक कुणाला ना कुणाला लागायचाच. सही झाली की तो परत घ्यायचा, पुसायचा आणि खाली यायचं. कुणी चहा पाजला तर प्यायचे, एरवी काही घ्यायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र ते कटाक्षानं पाळायचे. सही करताना डावा तळवा मजकुरावर आडवा ठेवायचे. "समोरच्यानं आपल्या डोळ्यांदेखत सही केली, एवढंच आपण सांगायचं," ते म्हणायचे. "आत काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं?" अर्ध्या गावाची गुपितं त्या तळव्याखालून गेली, पण त्यांनी एक ओळ वाचली नाही. चहावाला चिडवायचा, "काय राव, धंदा चष्म्याचा आणि सही डोळे मिटून." त्यावर हे म्हणायचे, "म्हणून तर बोलावतात मला." आणि त्या बोलावण्याचा त्यांना अभिमान होता, तो लपवूनही लपायचा नाही.

लग्न त्यांचं झालं नाही. आधी आईचं आजारपण, मग हे, मग ते, आणि एक दिवस कुणी विचारायचंच बंद केलं. दुसऱ्यांच्या लग्नांना मात्र ते साक्षीदार म्हणून पुष्कळदा उभे राहिले. घरच्यांना न सांगता लग्न करणारी पोरं-पोरी वकीलबाईंकडे यायची. सह्या व्हायच्या, मग फोटो काढायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, "काका, जरा बाजूला होता का?" ते बाजूला व्हायचे. वाईट वाटायचं का? वाटत असणारच. पण खाली आल्यावर ते कुणाला काही बोलल्याचं आठवत नाही.

राहायला ते अक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे होते. घर अक्काच्या नवऱ्याचं, तो गेल्यावर अक्काच्या नावावर झालेलं. दोन खोल्या, मागं एक पडवी, पडवीत दोन खुर्च्या. नवरा गेला तेव्हा हे चार दिवस सोबतीला म्हणून आले आणि राहिलेच. अक्काला बोलायला कुणीतरी हवं होतं आणि यांना ऐकायला. नळ गळतो, भाजी महागली, तुझ्या शर्टाचं बटण गेलंय, अशी तिची टकळी सुरू झाली की हे हूं हूं करत बसायचे, आणि दोघांचंही बरं चालायचं.

अक्काला एकच मुलगी. ती कधीच दुसऱ्या गावी निघून गेली होती. मायलेकींचं कशावरून बिनसलं ते पुढं दोघींनाही धड आठवत नसेल, पण ताठा दोघींचा सारखा. आधी फोनवर भांडायच्या, मग फोन बंद झाले. भांडण होतं तोवर निदान बोलणं तरी होतं.

एका दुपारी दुकान बंद होतं. अक्कानं शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून घेतलं आणि यांनाही हाक मारली. टेबलावर कागद होता, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला.

"मृत्युपत्र केलंय," ती म्हणाली. "माझी सही होताना दोघांनी बघा आणि खाली तुमच्या सह्या करा."

"वकीलबाईंना दाखवायचं का एकदा?"

"तो जिना चढायला गुडघे तू देणारेस? आणि साक्षीदार दोनच लागतात ना? एक ही, दुसरा तू. तुझ्या सहीवर सगळा गाव विश्वास ठेवतो, मग मी नको ठेवू?"

हे ऐकून चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सख्ख्या बहिणीनं आज पहिल्यांदा त्यांच्या सहीची किंमत केली होती. अक्कानं सही केली, शिंपीणबाईंनी केली, आणि यांनी सवयीनं तळवा मजकुरावर आडवा ठेवला.

"वाच की हवं तर," अक्का म्हणाली.

"छे. साक्षीदारानं वाचायचं नसतं."

अक्का त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बरं बाबा," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. त्यांनी आपली ती गोल, सुवाच्य सही केली, खाली नेहमीची रेघ ओढली.

पुढच्या थंडीत अक्का गेली. घरात आवाज म्हणून उरला तो नळाचा, आणि तो दुरुस्त करायचं त्यांच्या जिवावर आलं. संध्याकाळी पडवीत बसायचे तेव्हा दुसऱ्या खुर्चीकडे पाठ करून बसायचे. कधी चुकून "हूं" म्हणायचे.

सगळं आटोपल्यावर अक्काचा कागद घेऊन ते जिना चढून गेले. आपण होऊन वर जायची ही त्यांची पहिलीच वेळ. वकीलबाईंनी वाचायला घेतलं, तळाशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

"ही सही तुमची?"

"हो. दुसरा साक्षीदार मी."

"अहो, पण तुम्ही का केलीत?" वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "घर त्यांनी तुम्हाला ठेवलंय. आणि ज्याला ठेवलंय त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा रद्द होतो. साक्षीदाराला त्या कागदातून काही मिळता कामा नये. बाकी मृत्युपत्र खरं, पण घराबद्दलचं गेलं. घर आता वारस म्हणून मुलीकडे जाणार."

चष्मेवाल्यांना कळलं नाही असं वाटून बाईंनी पुन्हा समजावलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही."

वेळ येणार कशी? या माणसाच्या नावानं कधी कुणी काही ठेवलंच नव्हतं.

"मला ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं. बाई घर गेल्याचं सांगत होत्या आणि हा गृहस्थ पहिल्याच वाक्यापाशी अडकला होता. "काय लिहिलंय ते वाचून दाखवता का?"

बाईंनी वाचलं. "घर माझ्या धाकट्या भावाला. तो आपण होऊन कधी मागायचा नाही, म्हणून लिहून ठेवते."

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. हे रडले नव्हते तरी अक्कानं दिलं होतं. आणि यांनी त्याच्यावर तळवा ठेवला होता. नुसता हात उचलून बघितलं असतं, तर "माझी सही नको, दुसरं कुणी बोलाव" एवढं तरी म्हणता आलं असतं. त्या दिवशी ते दुकानात येऊन बसले आणि एकाच चष्म्याचा स्क्रू आवळत राहिले, इतका की शेवटी काच तडकली. गोष्ट गल्लीभर झाली. चहावाला म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःचा मामा केलात की." म्हणाला आणि त्यालाच वाईट वाटलं; त्यानं न मागता चहा आणून ठेवला.

वकीलबाईंनी एक वाट सांगितली होती. घर आता भाचीचं, पण तिनं मनावर घेतलं तर ती मामाला देऊ शकते.

भाची आली. तोंडावळा अक्काचा, उभं राहायची ढबही अक्काची. दोन्ही खोल्यांतून फिरली, आईच्या कपाटापाशी थांबली, मग पडवीत येऊन अक्काच्या खुर्चीत बसली.

"आईनं मला एक खोलीसुद्धा ठेवली नव्हती, मामा," ती म्हणाली.

"रागात लिहिलं असेल गं."

"रागात नाही. तिला तुमची काळजी होती. माझी नव्हती." ती नखानं खुर्चीचा हात खरवडत राहिली. "तिची इच्छा काय होती ते मला कळलंय. पण तिनं मला टाकलं, कायद्यानं घेतलं. म्हणून मी आपण होऊन देणार नाही. तुम्ही मागितलंत तर देईन. एकदा तोंडानं म्हणा, घर मला हवंय. मी उद्या वर जाऊन सही करते."

आता सांगा, एवढं बोलायला काय लागतं? तीन शब्द. पोरीनं दार सताड उघडून धरलं होतं, आणि त्यांनी मागावं हेच तिलाही हवं होतं. आईच्या घरात कुणाला तरी तिच्याकडून काही हवं आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं. चष्मेवाल्यांच्या ओठांशी शब्द आले. घर त्यांना हवं होतं. ती पडवी, तो गळका नळ, ती खुर्ची, सगळं हवं होतं, इतकं की रात्री त्यांना झोप लागत नव्हती. पण आयुष्यभर 'यात माझं काही नाही' म्हणून जो माणूस चार लोकांत ताठ उभा राहिला, त्याच्या तोंडून 'माझं' हा शब्द येईना.

"तुझंच आहे ते," ते म्हणाले. "मी आपला साक्षीदार."

भाची बराच वेळ वाट बघत बसली. मग डोळे पुसून उठली. "आई बरोबर लिहून गेली," म्हणाली. आपल्या घरी चला म्हणून तिनं मनापासून आग्रह केला. त्यांनी दुकानाचं निमित्त सांगितलं आणि मागच्या गल्लीत एक खोली बघितली. खोलीत एकच खुर्ची मावत होती.

घराला गिऱ्हाईक मिळालं, एक तरुण जोडपं. खरेदीखताच्या दिवशी सगळ्यांसारखेच तेही एकच साक्षीदार घेऊन आले. वकीलबाई कठड्यापाशी आल्या, वाकल्या, पण त्यांच्या तोंडून हाक निघेना. चष्मेवाल्यांनी त्यांना बघितलं होतं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, डबी घेतली आणि न बोलावता जिना चढून गेले.

भाची चष्मा विसरली होती. त्यांनी डबीतला एक तिच्या नंबरचा शोधून दिला. तिनं सही केली, जोडप्यानं केली, पहिल्या साक्षीदारानं केली. कागद यांच्यापुढं आला.

अक्काच्या मृत्युपत्रापासून वकीलबाई प्रत्येक साक्षीदाराला एक प्रश्न विचारायला लागल्या होत्या, कुणालाही न चुकता. आज त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"विचारा की," चष्मेवाले म्हणाले. "मलाही विचारायला हवं."

बाईंनी विचारलं, अगदी हळू. "या कागदातून तुम्हाला काही मिळणार आहे का?"

भाचीनं मान वर करून मामाकडे बघितलं. अजूनही ती वाट बघत होती.

"नाही," ते म्हणाले. तळवा मजकुरावर आडवा ठेवून त्यांनी सही केली, गोल आणि सुवाच्य, आणि खाली रेघ ओढली. मग भाचीनं काढून ठेवलेला चष्मा उचलला. काचा ओल्या होत्या. त्यांनी त्या नीट पुसल्या, चष्मा डबीत ठेवला आणि ते खाली गेले.