टाळाच्या मागे

गिटार शिकताना पहिलं वर्ष लाडाकोडाचं असतं. चार कॉर्ड आल्या की घरचे कौतुक करतात, माहेरच्या ग्रुपवर अंगठे येतात, आणि आपल्याला वाटतं, आता काय, जिंकलं! मग एक दिवस शिकवणारा म्हणतो, "बोटं बरी झाली, मॅडम. कान अजून पहिलीतच आहेत." ते वाक्य मला चांगलंच झोंबलं होतं. कान पहिलीतच राहिले असते तर किती बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गिटार खरं तर माझी नव्हेच. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि जाताना ती कपाटावर टाकून गेली. धूळ पुसायला म्हणून खाली काढली, ती परत वर गेलीच नाही. मी नाशिकची, लग्न होऊन म्हैसूरला आले. आमचे हे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हैसूरकर. घरात मराठीच, पण असं मराठी की माझे माहेरचे लोक पहिल्यांदा ऐकून हसू दाबत होते. उगाच बसलो होतो असं म्हणायचं तर हे म्हणणार, "सुम्ने बसलो होतो की." नको म्हणायचं तर "बेडा." चिडवता चिडवता आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

गिटारचे सर माझ्या निम्म्या वयाचे. हिनकलला आमच्या घराजवळच, कॉफीपुडीच्या दुकानावर त्यांची खोली आहे. जिना चढेपर्यंतच माणसाला तरतरी येते. पहिल्या बोटानं सहाही तारा एकदम दाबायची ती मेली एफ कॉर्ड कशीबशी वाजायला लागली, तशी सरांनी मला नव्या छळाला जुंपलं. फोनवर ठोका लावायचा, टिक, टिक, टिक. त्यावर वाजवायचं. मध्येच तो ठोका गप्प होतो. आपण वाजवत राहायचं. थोड्या वेळानं तो परत येतो, आणि तेव्हा कळतं आपण कुठे आहोत. मी दर वेळी कुठल्या कुठे पोचलेली असायची. "डोंबलाचा ठोका!" म्हणून मी एकदा फोन सोफ्यावर आपटला. हे पेपर वाचत होते, ते म्हणाले, "त्याची काय तप्पु गं? चूक तुझी." ह्यांना हे बोलण्याचा हक्क होता, कारण ठोका म्हणजे ह्यांच्या घराण्याची मिरास.

ह्यांच्या घरी दर रविवारी दुपारी भजन असतं. नजरबादला आत्यांकडे. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची धाकटी बहीण, पेटी वाजवतात. चुलतदीर तबल्यावर, बाकी आठ-दहा नातलग गायला. आणि टाळ ह्यांच्या हातात. तो टाळ मामंजींचा, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. थोरल्या मुलाकडे जातो. त्या घरात एक नियम आहे: टाळाला टोकायचं नाही. टाळ पुढे, सगळे मागे. तबला चुकेल, पेटी चुकेल, गाणारा चुकेल, टाळ चुकत नाही. टाळानं वेग घेतला तर सगळ्यांनी घ्यायचा, टाळ रेंगाळला तर सगळ्यांनी रेंगाळायचं. मला तो नियम आवडायचा. इतक्या वर्षांत त्या भजनात कधी भांडण झालं नाही, ते त्यामुळेच.

मी गिटार घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा आत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिटार? भजनात?" मग म्हणाल्या, "इरली बिडु. असू दे. पोरगी हौसेनं आली आहे." पन्नाशीकडे झुकलेली पोरगी मी! आत्यांची पेटी काळी एकची, म्हणून मी गिटारला कॅपो, म्हणजे सूर चढवणारा चिमटा, लावून कोपऱ्यात बसायची आणि हळू आवाजात कॉर्ड धरायची. नवशिकी होते तोवर सगळं छान चाललं. मला टाळाखेरीज काही ऐकूच यायचं नाही. डोळे मिटून त्याच्यामागे जायचं.

सरांच्या ठोक्यावर महिनोन्‌महिने घासल्यावर मात्र भलतंच व्हायला लागलं. मी पुढे पळायला लागले. आत्या थांबवून म्हणायच्या, "सूनबाई, धावू नको गं. कुठली बस पकडायची आहे?" सगळे हसायचे, हे सगळ्यात जोरात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येऊन मी आणखी घासायची. ठोका गप्प व्हायचा, परत यायचा, आणि आता मी बरोबर त्याच्यावर असायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. धावू नको.

शेवटी मी ठरवलं, ह्यांना पुरावाच दाखवते. एका रविवारी फोन पिशवीवर ठेवून सगळं भजन रेकॉर्ड केलं आणि सरांकडे नेलं. सरांनी ते कॉम्प्युटरवर घेतलं, खाली ठोका लावला. आम्ही दोघं ऐकत बसलो. थोड्या वेळानं सर म्हणाले, "तुम्ही धावत नाही, मॅडम. तुम्ही सरळ आहात. बाकी सगळे मागे पडतायत."

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! "बघा! बघा!" मी खुर्चीतून उठलेच. सरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते तोच तुकडा पुन्हा लावत होते. टाळ नुसता संथ होत नव्हता. नीट चालता चालता मध्येच अडकायचा, जसा पाय उंबऱ्याला अडकतो, आणि मग उशिरा पडायचा. तो अडकला की तबला थांबायचा, पेटी थांबायची, माणसं श्वास धरायची, आणि तो पडला की सगळे त्याच्याबरोबर पडायचे. इतक्या सफाईनं की ठोका खाली लावल्याशिवाय कळू नये.

"टाळ कोण वाजवतं?" सरांनी विचारलं. "फार वय झालंय का त्यांचं?"

"माझे मिस्टर," मी म्हटलं. "पन्नाशी आत्ता उलटली."

सरांनी आवाज बंद केला. "त्यांना बरं आहे ना, मॅडम?" एवढंच विचारलं त्यांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिना उतरताना खालच्या कॉफीचा वास मला नकोसा झाला.

कान एकदा उघडले की मिटता येत नाहीत, आणि त्यांच्यामागे डोळेही उघडतात. शर्टाचं वरचं बटण लावायला ह्यांना आता आरसा लागत होता. दाढी करताना रेझरचा आवाज अडकत यायचा. चालताना डावा हात हलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. आणि दोसा! दोसा चमच्यानं तोडून खाणारा म्हैसूरकर मी जन्मात पाहिला नव्हता. महिनाभर आधी त्यावरून मीच ह्यांची टिंगल केली होती, "साहेब झालात काय?" हे हसले होते. आणि हाच माणूस दर आठवड्याला कचेरीच्या कामासाठी स्कूटर घेऊन कृष्णराजनगरला जातो. ॲक्सिलरेटर उजव्या हातात, पुढचा ब्रेक उजव्या हातात. त्या आठवड्यात हे निघाले, आणि परत येऊन फाटकाची कडी वाजेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती.

मी सांगितलं. सरळच सांगितलं, मला आडून बोलता येत नाही. "अहो, तुमचा उजवा हात अडकतोय. डॉक्टरांकडे जाऊ या."

"काही नाही गं. कचेरीत माऊस धरून दुखतो. सुम्ने घाबरू नको."

"दुखतो की अडकतो?"

"बेडा म्हटलं ना!" हे एकदम ओरडले. ह्यांचा आवाज चढलेला मी फार क्वचित ऐकला आहे. "तू काल गिटार हातात घेतलीस आणि आज टाळाला टोकतेस?"

मग मी आत्यांकडे गेले. त्यांचं हे ऐकतात. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला कॉफी दिली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, वय झालं की टाळ संथ होतो. तुझ्या मामंजींचाही झाला होता. शेवटच्या वर्षांत काय रंगायचं भजन! एकेक ठोका असा थांबून थांबून पडायचा. आम्ही सगळे तल्लीन व्हायचो."

मामंजी मी येण्याच्या आधीच गेले. जिन्यावरून पडून. पाय घसरला, असं घरात सांगतात. मी कप खाली ठेवला. आत्या अजून त्या रंगलेल्या भजनांबद्दल सांगत होत्या. बोलत होत्या त्या मायेनं, आणि मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेले. भीती वाटत होती, आणि रागही येत होता. ह्यांचा, आत्यांचा, त्या नियमाचा. दोन भजनं मी मुकाट्यानं मागे गेले. तिसऱ्याला कॅपो नीट केला, आणि कोपऱ्यातून उठून तबल्याच्या शेजारी जाऊन बसले. दिरांनी भुवई उडवली. मी मोठ्यानं वाजवायला लागले.

टाळ अडकला. मी थांबले नाही.

सरांनी शिकवलं होतं, ठोका गप्प झाला तरी आपण चालायचं. मी चालले. टाळ उशिरा पडला, एकटा. पेटी गोंधळली. आत्या ओरडल्या, "सूनबाई!" मी मान खाली घालून वाजवत राहिले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. पुढच्या ओळीला दिरांचा तबल्यावरचा हात माझ्या ठेक्यावर आला. सवयीनं आला असेल, मी शेजारी होते, मोठ्यानं वाजवत होते. तबला माझ्याबरोबर सरळ चालायला लागला. मग गाणारे. आणि त्या सरळ चाललेल्या भजनात ह्यांचा टाळ उघडा पडला. अडकला, पडला. अडकला, अडकला, पडला. खोलीतल्या प्रत्येकानं ऐकलं. आत्यांनी पेटीचा भाता सोडला. एकेक करून सगळे थांबले.

हे उजव्या हाताकडे बघत होते. आपला हात आपल्याला न सांगता कुठेतरी जाऊन आला असावा, तसे. मग टाळ पायाशी ठेवला, दोरी नीट गुंडाळून. गुंडाळायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कुणाची हिंमत झाली नाही.

बाहेर अंगणात ऊन होतं. मला वाटलं आता माझी खैर नाही, आणि मी भांडायच्या तयारीत होते. हे स्कूटरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला शंका होती गं. वर्षभर होती. पण तुम्ही सगळे मागे येत होता ना. मला वाटलं, येतायत म्हणजे अजून बरोबर आहे."



ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "उद्या जाऊ डॉक्टरकडे. तू चालव. अष्टे, एवढंच." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे माझ्यामागे कधी बसले नव्हते, माझ्या चालवण्यावर सगळ्या नातलगांत विनोद करायचे. गिटार पाठीला अडकवली तर ह्यांना बसायला जागा होईना, म्हणून ती आत्यांकडेच ठेवली.

हुणसूर रस्त्याला लागलो तेव्हा वारा छान होता. ह्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. थोडं पुढे गेल्यावर तो हात ठेका धरायला लागला. बारीक, जलद, एकसारखा. एकदाही न अडकणारा. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, राग गेला, आणि बघ, हात चालतोय की, मी उगाच घाबरले होते. सिग्नलला थांबलो तरी ठेका चालूच.

"आता कुठलं भजन धरलंत?" मी मान न वळवता विचारलं.

"कसलं भजन?" हे म्हणाले. "मी काही वाजवत नाहीये."